भोळ्या सम्राटाचे रविवार

मी एकतीस वर्षं साताऱ्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्यातली निदान वीस वर्षं एकाच माणसाच्या नादात घालवली. तो माणूस बाराशे वर्षांपूर्वी युरोपात होऊन गेला. फ्रँक लोकांचा सम्राट, आणि स्वतःपेक्षा फार मोठ्या सम्राटाचा मुलगा. वडिलांच्या नावामागे 'महान' लागतं आणि त्यांना सगळे ओळखतात. मुलाला जे विशेषण लागतं त्याचं भाषांतर करता करता माझे केस गेले. कुणी 'धर्मनिष्ठ' म्हणतं, कुणी 'सज्जन'. मी शेवटी 'भोळा' केलं. एक सहकारी तेव्हा म्हणाला होता की हे भाषांतर नाही, हा शेरा आहे. असेल.

नावं मी इथे घेणार नाही, कुणाचीच. वर्गातही घेत नसे. त्या घराण्यात आजोबा, नातू, काका, पुतणे अशा सगळ्यांना तीच तीन-चार नावं आलटून पालटून ठेवलेली, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाला पोरं माना टाकायची. मग मी माझी पद्धत काढली. सम्राटाची चार मुलं म्हणजे थोरला, मधला, तिसरा आणि नव्या आईचं शेंडेफळ. एवढ्यात सगळं साम्राज्य मावतं. थोरला, सावत्र, वाटणी हे शब्द एकदा उच्चारले की मराठी माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तो आपल्या चुलत्याची गोष्ट सांगायला लागतो आणि त्याला थांबवणं हेच काम उरतं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत मी आणि सौभाग्यवती डब्लिनला मुलाकडे आलो, तीन महिन्यांसाठी. तो ओंगार या उपनगरात राहतो. ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. सून सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर आहे. नात आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं आणि तेही असं की मला दोनदा विचारावं लागतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि तीन महिन्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आधी दोन किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, मग पाच किलोमीटरची. मधे थोडं सैल, परत घट्ट. विमानांचा भरवसा नव्हता आणि साताऱ्याच्या बातम्या ऐकून मुलगा आम्हाला सोडायला तयार नव्हता.

एकवीसचा जानेवारी उजाडला तोपर्यंत मी बोलायचा जवळजवळ थांबलो होतो. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर ऐकवण्यात आलं. मी खिडकीत बसायचो. समोर आमच्यासारखीच घरं, त्यांच्या दारात हिरवे आणि तपकिरी कचऱ्याचे डबे, आणि साडेचारला अंधार. सून चेहऱ्यावर मास्कचे वळ घेऊन यायची आणि जेवून झोपायची. मुलगा जेवणघराच्या टेबलावर कानाला यंत्र लावून दिवसभर दुसऱ्याच लोकांशी बोलायचा. माझं कुणाशी भांडण नव्हतं. मला कुणी काही विचारत नव्हतं, एवढंच. ज्याला एकतीस वर्षं रोज कुणीतरी 'सर' म्हणून थांबवलं, त्याला याची सवय नसते.

एका रविवारी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला.

"बाबा, इथल्या मराठी लोकांना तुमचं व्याख्यान हवंय. व्हिडिओवर. तुमच्या त्या सम्राटावर."

"कोण म्हणालं?"

"सगळेच विचारतात."

हे दोन शब्द मी पुढे कितीतरी दिवस जिभेवर घोळवले. सगळेच विचारतात. मी वरवर आढेवेढे घेतले. टिपणं साताऱ्याला राहिलीत, इथे संदर्भ नाहीत, वगैरे. खरं सांगायचं तर तो खोलीबाहेर पडायच्या आत माझ्या मनात बारा व्याख्यानांची आखणी तयार होती.

दर रविवारी दुपारी चार ते पाच. जागा नातीच्या अभ्यासाचं टेबल, वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत. सौभाग्यवतींनी माझा कोट कपाटातून काढला. कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात, त्यामुळे नातीने "कोट प्रेसमध्ये आहे" म्हटल्यावर आम्ही दोघं तो इस्त्रीला कुणी दिला याचा विचार करत बसलो होतो. मुलगा खाली दिवाणखान्यातून यंत्रणा सांभाळायचा. सौभाग्यवती स्वयंपाकघरात टॅबलेट लावून बसायच्या. पडद्यावर माणसांचे चौकोन उमटायचे. लिमरिकचं एक जोडपं, गॉलवेच्या डॉक्टरीणबाई, डब्लिनचीच दोन-तीन घरं. आणि कॉर्कचे एक गृहस्थ, औषधांच्या कारखान्यात केमिकल इंजिनियर. चौकड्यांचा स्वेटर, मागे पुस्तकांचं शेल्फ.

पहिल्या रविवारी मी सम्राटाचं बालपण घेतलं. तो जुळ्यांपैकी एक, दुसरा भाऊ तान्हेपणीच गेला. याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी वडिलांनी दक्षिणेकडच्या प्रांताचा राजा करून पाठवलं. हद्दीपर्यंत पाळण्यातून नेलं आणि तिथे घोड्यावर बसवलं, लहानशी हत्यारं अंगावर बांधून, म्हणजे प्रजेला राजा आल्यासारखं वाटावं. त्या पोराला काय वाटलं असेल, असं मी विचारलं आणि थांबलो. वर्गात मी इथे नेहमी थांबत असे. कॉर्कच्या गृहस्थांनी मान डोलावली. अगदी सावकाश, मनापासून. मला इतकं बरं वाटलं की पुढचं वाक्य दोनदा बोललो.

व्याख्यान संपल्यावर त्यांनी लिहिलं, "ग्रँड झालं, काका." लिमरिकवाल्यांनीही तेच लिहिलं. मी रोजनिशीत नोंद केली की आजचं व्याख्यान भव्य झालं असं श्रोत्यांचं मत पडलं.

असे नऊ रविवार गेले. सोमवार ते शनिवार मी तयारी करायचो. नातीने मला ग्रंथालयांच्या साइटवर जुने ग्रंथ शोधायला शिकवलं. मी तिला त्या दरबारातल्या आयरिश साधूची गोष्ट सांगितली. तो इथून तिकडे गेला होता, तारे मोजायचा, भूगोल लिहायचा. सम्राटाच्या वडिलांना बगदादच्या खलिफाने हत्ती पाठवला होता. हत्ती कधी आडवा होत नाही, असं जुन्या ग्रंथात लिहिलेलं. या साधूने लिहिलं की हे चूक आहे, फ्रँक लोकांनी त्याला बैलासारखा आडवा झालेला पाहिलाय. मला हा साधू फार आवडतो. मोठ्या ग्रंथाचं न ऐकता त्याने पाहणाऱ्यांचं ऐकलं. हत्ती मुळात आपल्याकडचाच असणार, असाही माझा आग्रह होता, आणि तो मी पाचव्या रविवारी वीस मिनिटं मांडला.

प्रश्नही येत होते, आणि साधेसुधे नव्हते. चौथ्या रविवारी सम्राटाच्या डोक्यावर वाड्यातली लाकडी ओसरी कोसळली. तो वाचला, पण हबकला, आणि त्याच वर्षी, चाळिशीच्या आतच, त्याने तिन्ही मुलांत साम्राज्याची वाटणी लिहून ठेवली. लिमरिकच्या बाईंनी विचारलं, "काका, आपल्या डोळ्यांदेखत वाटणी केली की मुलं चांगली राहतील असं त्याला वाटलं, की मुलांवर विश्वास नव्हता म्हणून त्याने घाई केली?" एकतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याने मला हे विचारलं नव्हतं. मी त्या रात्री जेवताना तीन वेळा तो प्रश्न म्हणून दाखवला. मुलगा ताटाकडे बघून जेवत होता. "चांगला प्रश्न आहे," म्हणाला.

सहावा रविवार पुतण्याचा. पुतण्याने बंड केलं, मग स्वतःच शरण आला. सम्राटाने त्याला देहदंड माफ केला आणि डोळे काढायला लावले, त्यात तो मेला. चार वर्षांनी सम्राटाने भर सभेत आपलं पाप कबूल केलं. गॉलवेच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. कॉर्कचे गृहस्थ मान डोलावत होते, डावा कान जरासा खाजवून. इतिहासाकडे असं शांतपणे बघता आलं पाहिजे, असं मला वाटलं.

आता शनिवार. दहाव्या व्याख्यानाच्या आदल्या दिवसाची दुपार. मला एका लढाईची तारीख बघायची होती. नात शेजारच्या अंगणात खेळायला गेलेली, मुलाचा लॅपटॉप टेबलावर उघडा. तो आंघोळीला गेला होता. पडद्यावर एक तक्ता होता. मी दुसऱ्याचं पत्र वाचणारा माणूस नाही, पण तक्त्याचं शीर्षकच होतं 'बाबा – रविवार'.

डावीकडे गावं. लिमरिक, गॉलवे, कॉर्क, डब्लिनची घरं. वर तारखा. कुणी कुठल्या रविवारी बसायचं त्याच्या खुणा. कुणाला जमत नसेल तर बदली कोण, तेही. खाली सूचना. कॅमेरा चालू ठेवा. शेवटी दोन ओळी कौतुक लिहा. उत्तर फार लांबलं तर नेटवर्क गेलं म्हणून बाहेर पडा. मग एक रकाना प्रश्नांचा. तारखेपुढे प्रश्न, प्रश्नापुढे विचारणाऱ्याचं गाव. चौथ्या रविवारचा वाटणीचा प्रश्न तिथे होता, शब्दाशब्दाने तोच. आणि कॉर्कच्या ओळीत लिहिलं होतं, 'लूप लावला तरी चालेल, बाबांना कळत नाही.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. लूप म्हणजे काय ते मला खरंच कळलं नाही. कळत नाही हे मात्र बरोबर लिहिलं होतं.

मुलगा डोकं पुसत आला तेव्हा मी उभाच होतो.

"हे काय आहे?"

"बाबा, तुम्ही माझा लॅपटॉप..."

"हे काय आहे ते सांग."

तो खुर्चीत बसला. "रोटा आहे. पाळ्या लावल्यात."

"कसला?"

"रविवारचा. म्हणजे लोक येतातच हो. पण सगळे एकदम बिझी असले तर तुम्हाला चार माणसं तरी दिसावीत ना. आमच्या टीममध्ये ऑन-कॉलचा असतो तसा एक सेट केला, बस."

"सगळेच विचारतात म्हणाला होतास."

"बाबा, सगळ्यांना सांभाळून करावं लागतं यार. दिवसभर स्क्रीनसमोर असतात लोक. रविवारी परत स्क्रीन कोण मागतं?"

"मग मला तसं सांगायचं होतंस. मी काय तुझ्याकडे माणसं मागितली होती?"

सौभाग्यवती कणकेचे हात घेऊन दारात आल्या. "ओरडू नका. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी दर सोमवारी त्या सगळ्यांना फोन करून आभार मानते." त्यांनी हात पदराला पुसले. "काय करायचं होतं मग? तुम्ही महिनाभर त्या खिडकीत बसून होता. चहा दिला तर चहा, नाही दिला तर नाही. माणूस आहे की भिंत, कळेना झालं होतं. पोराला रडू फुटलं एक दिवस. मग हे काढलं त्याने."

पोराला रडू फुटलं, हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळलो. माझ्या घरात माझ्यावर दया करायचा तक्ता तयार झाला, त्याच्या खुणा झाल्या, बदल्या ठरल्या, आणि मी कोट घालून त्याच्यासमोर उभा राहून हत्तीबद्दल बोललो. मुलाचा राग आलाच. पण बायकोचा आला तो वेगळा. पंचेचाळीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलली नव्हती असं मी धरून चाललो होतो, आणि इथे ती सोमवारी आभार मानत होती, माझ्या वतीने, मला न सांगता.

नात आल्यावर मी तिला वर बोलावून विचारलं, लूप म्हणजे काय.

"इट्स जस्ट अ व्हिडिओ ऑफ हिम, आजोबा. इट गोज राउंड अँड राउंड." तिने बोटाने हवेत गोल काढला. "ही'ज प्रॉबब्ली कटिंग द ग्रास."

"मग शेवटी 'ग्रँड झालं' कोण लिहितं?"

"ही कम्स बॅक अ‍ॅट फाइव्ह."

मग मी विचारलं, ग्रँड म्हणजे भव्य ना? तिला हसू आलं. भव्यबिव्य काही नाही, म्हणाली. ग्रँड म्हणजे ठीक. म्हणजे काही नको, चाललंय. मागच्या आठवड्यात ती सायकलवरून पडली होती, गुडघा फुटून मोज्यापर्यंत रक्त आलं होतं, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी स्वतः तिला "आय'म ग्रँड" म्हणताना ऐकलं होतं. मला वाटलं होतं पोरगी शूर आहे. नऊ रविवार मी रोजनिशीत भव्य, भव्य लिहून ठेवलं होतं.

त्या रात्री आणि रविवारी सकाळी मी एकाच गोष्टीचा विचार केला. कॉलेजात हजेरी सक्तीची होती. पंच्याहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसता येत नसे. माझ्या तासाला बाकं भरलेली असत आणि मी ती माझ्या शिकवण्याने भरलीत असं समजत आलो. मुलाने तक्ता केला, त्यात नवीन काय होतं? तो हजेरीपटच होता. मग एकतीस वर्षांत आपणहून कोण आलं होतं? मला संपत्ती नको होती, मान नको होता. एका माणसाने एकदा आपण होऊन या सम्राटाची गोष्ट ऐकावी, एवढंच हवं होतं, आणि ते झालंय असं मी धरून चाललो होतो. आता खात्रीने सांगता येईना.

प्रश्न मुलानेच लिहिले होते, हेही मला टोचत होतं. ते प्रश्न चांगले होते. लहानपणी मी त्याला जेवताना ही गोष्ट सांगायचो, थोरला, मधला, तिसरा, शेंडेफळ. त्याला वाटणीचा प्रश्न पडला होता तर त्याने मला विचारायचा होता, खालच्या खोलीतून वर येऊन. लिमरिकच्या बाईंच्या तोंडून का?

मुलगा दुपारी तीनला आला. "कॅन्सल करू का, बाबा?"

"नको," मी म्हणालो. "आज कुणाची पाळी आहे?"

मी कोट घातला.

दहावा रविवार खोटेपणाच्या मैदानाचा होता. मी ठरवून नव्हतं ठेवलं, क्रमानेच आला. पहिली राणी वारल्यावर सम्राट राज्य सोडायच्या गोष्टी करत होता, म्हणून दरबाऱ्यांनी त्याचं दुसरं लग्न लावलं. तिला मुलगा झाला. थोरल्यानेच त्याला धर्मपुत्र मानलं, त्याला जपेन अशी शपथ घेतली. पुढे बापाने या शेंडेफळाला जमीन दिली, म्हणजे झालेल्या वाटणीत हात घातला, आणि तिघे थोरले भाऊ एक झाले. एका उन्हाळ्यात सम्राटाची फौज एका बाजूला, मुलांची समोर, मधे मोकळं मैदान. लढाई झालीच नाही. बोलणी चालू राहिली आणि सम्राटाची माणसं एकेक करून पलीकडे जात राहिली. ज्यांनी हात धरून शपथा घेतल्या होत्या तेच. एका सकाळी छावणीत मूठभर लोक उरले. लोकांनी नंतर त्या मैदानाला खोटेपणाचं मैदान असं नाव ठेवलं.

पडद्यावर सहा चौकोन होते. लिमरिक, गॉलवे, कॉर्क, डब्लिनचं एक घर, स्वयंपाकघरातून सौभाग्यवती, आणि मुलाचा. कॉर्कचे गृहस्थ कान खाजवून मान डोलावत होते. मी आता मोजायला शिकलो होतो. डोलावणं, कान, चष्मा, परत डोलावणं.

"उरलेल्यांना सम्राट काय म्हणाला ते सांगतो," मी म्हणालो. "तो म्हणाला, तुम्हीही माझ्या मुलांकडे जा. माझ्यापायी कुणाचा जीव जावा, हातपाय जावेत, असं मला नको." मी थांबलो. इथे मी वर्गातही थांबत असे. "मीही तेच म्हणतो. मला रविवारचा रोटा सापडला आहे. तुम्ही सगळ्यांनी नऊ आठवडे माझ्यासाठी तास काढलात, त्याबद्दल आभार. सोमवारी फोन येणार नाही, म्हणून आत्ताच मानतो. ज्यांना जायचं त्यांनी जावं. नेटवर्क गेलं म्हणायची गरज नाही."

लिमरिकच्या बाईंनी ओठ हलवले, पण आवाज बंद ठेवलेला होता. त्यांचा चौकोन गेला. मग डब्लिनचं घर. गॉलवेच्या डॉक्टरीणबाईंनी हात जोडले आणि गेल्या. सौभाग्यवती बराच वेळ माझ्याकडे बघत असाव्यात, पण टॅबलेट तिरका असल्यामुळे त्यांचं कपाळच दिसत होतं. मग त्याही गेल्या. मुलाचा चौकोन शेवटी विझला. खाली खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. जिन्यावर पावलं आली आणि माझ्या दाराशी थांबली. त्याने दार वाजवलं नाही आणि मी उघडलं नाही.

कॉर्कचे गृहस्थ राहिले होते. ते मान डोलावत होते.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोन व्याख्यानं बाकी होती, ती मी वीस मिनिटांत घेतली. मुलांनी सम्राटाकडून भर चर्चमध्ये पापं वदवून घेतली, त्याची तलवार काढून वेदीवर ठेवायला लावली. वर्षभरात भाऊ आपापसात फाटले आणि तो परत गादीवर आला, पण मैदान काही त्याच्यातून गेलं नाही. मधला त्याच्या आधी वारला. तिसऱ्याने पुन्हा बंड केलं आणि बाप म्हातारपणी, आजारी असताना, त्याच्यावर चालून गेला. त्या वसंतात सूर्याला ग्रहण लागलं होतं. ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर, तंबूत, त्याने अंथरूण धरलं. जवळ मुलगा एकही नव्हता. सावत्र भाऊ होता, बिशप. त्याने विचारलं, तिसऱ्याला क्षमा कराल ना?

"केली," मी कॉर्कच्या गृहस्थांना म्हणालो, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात. "क्षमा केली त्याने. पण सांगून ठेवलं की त्याला हेही कळवा, बापाचे पांढरे केस तूच दुःखाने मातीत घातलेस. इतिहासकार म्हणतात की हा माणूस फार भोळा होता. मला नाही वाटत. त्याने क्षमा केली आणि शब्दही ऐकवला. दोन्ही त्याला करायचं होतं आणि दोन्ही त्याने केलं."

गृहस्थांनी मान डोलावली. नेमक्या जागी. दाराबाहेरची पावलं अजून तिथेच होती.

पाच वाजले. चित्र एकदम उडालं. चौकड्यांचा स्वेटर गेला, त्या जागी ओला रेनकोट, कपाळाला चिकटलेले केस, गालावर गवताची काडी. तो घाईने बसला, धापा टाकत. त्याने पडद्यावर एकदा नजर फिरवली आणि त्याला दिसलं असणार की आम्ही दोघंच उरलो आहोत. तरी सवयीने बोटं चालली. "ग्रँड झालं, काका," असं उमटलं.

मी एका बोटाने उत्तर लिहिलं. मला वेळ लागतो, तो थांबून राहिला.

"हो. मी ग्रँड आहे."